स्केचपेनचं रक्त

११ जानेवारी, शनिवार

ही डायरी दिंडोरीच्या मामाची. द्राक्षाच्या औषधवाल्यांनी त्याला तीन दिल्या होत्या, त्यातली एक मला देताना म्हणाला, "हर्षाली, एखादी गोष्ट तरी शेवटच्या पानापर्यंत ने." टोमणा आहे, पण चुकीचा नाही. बावीस वर्षांत एका जागी टिकण्याचा माझा विक्रम दोन महिने एकोणीस दिवस. एका वायनरीत पाहुण्यांना बाग फिरवून दाखवायचे, आणि एक दिवस पाहुण्यांच्याच गाडीत बसून हंपीला गेले. कॉलेज त्याच्या आधीच सुटलं. की मी कॉलेजच्या हातून सुटले, जे असेल ते.

बातमी अशी की नोकरी लागली! एका ट्रस्टची तपासणीची गाडी आहे, पांढरी, टपावर कर्णा. जिल्हाभर फिरायचं, लोकांची शुगर आणि बीपी तपासायचं. सावळीराम काका गाडी चालवतात, सुला सिस्टर बोटाला टोचतात आणि मी माईकवर ओरडते. ओरडायची नोकरी! शाळेत याच गुणासाठी मला वर्गाबाहेर उभं करायचे.

काम मेअखेरपर्यंत आहे. पूर्ण करणार असं आईला सांगितलंय. डायरीला खरं सांगते : ३१ मार्चला मी अरुणाचलला पळणार. सॅक भरून दाराआड ठेवलीये.

प्रत्येक पानाच्या तळाशी बागायतदारांना एकेक सल्ला छापलाय. आजचा : "वेल वरून हिरवी दिसली तरी पानांची खालची बाजू रोज पाहावी." बरं. वेल मिळाली की पाहते.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळाचे लाडू अकरा, काटलेले पतंग चार, पाणी बेहिशोब. आई म्हणते तीळ उष्ण असतात, तहान लागणारच.

१६ जानेवारी, गुरुवार

सटाणा! पहिला कॅम्प. कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत आमची गाडी उभी आणि मी कर्ण्यातून, "माता, भगिनी आणि बंधूंनो! तीस वर्षांवरील सर्वांनी यावं! मुंगी चावल्याएवढंही दुखत नाही!"

माणसं आली, बसली, सुई बघून उठली. कुसाबाई नावाची आजी तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पोरी, पहिले तुना बोटले टोच. मंग मी बससु. आन माले गोड आवडस नई, माले साखर कशी हुई?"

मी बोट पुढे केलं. सिस्टर कानात पुटपुटल्या, "नाटकाला शुगरच्या पट्ट्या मिळत नाहीत. मोजून येतात." मग? सावळीराम काकांची नात आरोही, तिचं लाल स्केचपेन डॅशबोर्डवर पडलेलं होतं. गाडीमागे जाऊन बोटाच्या टोकावर ठिपका काढला, बोट मुठीत लपवलं, बाहेर आले. टोचायच्या पेनात सुई नाहीच. नुसतं टक! माझा चेहरा हसरा, बोट आभाळाकडे. "बघा! रक्त! दुखलं? छे!" टाळ्या पडल्या. कुसाबाई बसली, तिच्यामागे एकोणसाठ जणं बसली.

धनराजशेठ म्हणून एक कांद्याचे व्यापारी आले. तीन दिवस कारल्याचा रस पिऊन, गोड बंद करून. आकडा आला एकशे अठ्ठावीस. पास झाल्यासारखे म्हणाले, फोटो काढा! सिस्टर म्हणाल्या, "शेठ, ही काय दहावीची परीक्षा आहे, आदल्या रात्री घोकून बसायला?" आणि त्यांच्या दंडातून रक्त काढून लॅबला पाठवलं. एक तपासणी असते म्हणे, ती मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते. तिच्यापुढे कॉपी चालत नाही.

बापरे, तीन महिने. मी तर त्या तपासणीत बसायलाच अपात्र.

आमच्या अर्जावर वयाचा रकाना तीसपासून सुरू होतो. म्हणजे मला अजून आठ वर्षं सुट्टी.

३ फेब्रुवारी, सोमवार

त्र्यंबकेश्वर. सोमवार, त्यात बाहेरगावच्या बसा. यात्रेकरू देवाच्या रांगेत तीन तास उभे राहतात, आमच्या रांगेत तीन मिनिटं नाही. मग मी त्यांच्या रांगेच्या कडेने चालत माईक चालवला. फिरता कॅम्प! एका पुजाऱ्यानेही बोट दिलं, डाव्या हाताचं, उजवा पूजेला लागतो म्हणाला.

माझं लक्षणांचं भाषण आता इतकं रंगतं की सिस्टरही थांबून ऐकतात. पत्रकात नुसतं लिहिलंय : सारखी तहान, सारखी लघवी, वजन घटणं, थकवा, नजर धूसर, जखम न भरणं. मी ते करून दाखवते. घसा कोरडा पडल्याचं असं करते की पुढच्या बाईने मला स्वतःची बाटली दिली. मी ती संपवली. कला आहे अंगात, दुसरं काय.

जाता जाता नोंद : सटाण्यापासून त्र्यंबकपर्यंत बायकांसाठी बरी शौचालयं कुठे कुठे आहेत ते मला तोंडपाठ झालंय. कुणी यादी छापणार असेल तर माझ्याकडे यावं.

९ फेब्रुवारी, रविवार

आई माझ्यावर खूश आहे. हे वाक्य दोनदा वाचलं. आई माझ्यावर खूश आहे! कारण मी बारीक झाले. दिवाळीचा ड्रेस खांद्यावरून घसरतो. शेजारच्या निकिताने हातातलं दळण खाली ठेवून विचारलं, "अगं, कुठलं डाएट?" मी म्हटलं, चार भाकऱ्या, वर दोन ग्लास उसाचा रस, आणि दिवसभर ओरडायचं. ती चिडून गेली. पण खरंच आहे! सहा किलो उतरले आणि खाणं दुप्पट. माझ्यासारखी नशीबवान मीच.

आईने लगेच फोटो काढून घोटीच्या मावशीला पाठवला. तिकडे एक स्थळ आहे म्हणे, भाताची गिरणी. मी म्हटलं मला भात नको, मला अरुणाचल हवं. आई म्हणाली तिथेही भातच खातात.

बाबा जेवताना नुसते म्हणाले, "गळ्याची हाडं दिसतात गं हिची." आई म्हणाली, "फॅशन असते ती."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज पाय शिशाचे. गाडीत झोपले, उठले, परत झोपले. सावळीराम काका म्हणाले, "माईकवालीची बॅटरी उतरली." रात्री चार वेळा उठणं होतं ना, झोप कुठून पुरणार. पाट्या धूसर दिसतात, ती धूळ. महामार्गाचं काम किती वर्षं चालवतात हे लोक.

बाथरूममध्ये मुंग्यांची रांग लागलीये. आई बाबांवर ओरडली की चहाचा कप आत का नेता. बाबा म्हणाले, "मी कशाला नेऊ?" दोघं अर्धा तास भांडले. मजा आली.

धनराजशेठचा लॅबचा आकडा आला. नऊ पॉइंट एक. साडेसहाच्या वर म्हणजे मधुमेह. कारलं हरलं.

आजचा सल्ला : "डोळ्यांना दिसेपर्यंत भुरीची बुरशी बागभर झालेली असते." काय एकेक भयानक लिहितात. सकाळी चहासोबत वाचायचं असतं हे?

१५ फेब्रुवारी, शनिवार

हे मी दवाखान्यात लिहितेय. नीट क्रमाने लिहिते, नाहीतर भरकटेन.

घोटीला कॅम्प होता, एका भाताच्या गिरणीच्या आवारात. (स्थळाची गिरणी नव्हे. आधी तेच विचारून घेतलं.) चाळीसेक माणसं पोत्यांवर बसलेली. पुढे पुंजाबाबा, गिरणीचे राखणदार, सत्तरी पार. पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. सिस्टरनी विचारलं तर म्हणाले, "दोन महिनं झालं, ठेच लागली व्हती. भरंल की."

मी नेहमीप्रमाणे टक केलं, बोट वर केलं, "दुखलं? छे!"

पुंजाबाबा उठले. लंगडत आले, माझं बोट धरलं आणि स्वतःच्या धोतरावर पुसलं. लाल रेघ उमटली. ती त्यांनी उन्हात धरली, नाकाशी नेली.

"रगात असं गुलाबी नसतं," ते म्हणाले. "ही साळंतली शाई हाय."

अख्खी गिरणी हसली. मीही हसले, काय करणार!

"लोकान्ला टोचती आन् सोता रंगपंचमी खेळती व्हय गं? तुझं खरं काढ. आकडा दाव. मंग माझं काढ. नायतर फिरवा गाडी माघारी."

मागची माणसं उठायला लागली. एकजण म्हणाला, "चला, खोटं हाय सगळं." सिस्टरनी पाच सेकंद विचार केला, मग पट्ट्यांची डबी उघडली. "ये इकडे."

खरी सुई. मुंगी चावल्याएवढंच दुखलं. रोज सांगते ते खरं निघालं म्हणून मला फार बरं वाटलं. मशीनने पाच ते एक आकडे मोजले. माईक माझ्या दुसऱ्या हातात होता, चालू. सवय अशी की आकडा दिसला की वाचायचा. खणखणीत आवाजात मी वाचला.

"चारशे अडतीस!"

कर्ण्याने तो गिरणीपलीकडे, रेल्वेच्या रुळांपलीकडे नेला.

"मशीन बिघडलं," मी म्हटलं. तेही माईकवर.

सिस्टरनी स्वतःचं बोट टोचलं. एकशे आठ. मला हात धुवायला लावले, दुसरं बोट. चारशे एक्केचाळीस. मी माईक बंद केला.

"हर्षाली, पाणी किती पितेस तू?" सिस्टरचा आवाज एकदम बारीक. "रात्री किती वेळा उठतेस? वजन कधीपासून उतरतंय?"

पुढचा प्रश्न मला पाठ होता. त्याच्या पुढचाही. महिनाभर मी हेच तर ओरडत होते.

सावळीराम काकांनी गाडी चालू केली होती. एवढ्यात पुंजाबाबा बोनेटसमोर उभे. "थांबा. पोरीनं काढलं, आता माझं काढा. तिच्यादेखत." दोनशे शहाऐंशी. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्यापरीस लय कमी हाय."

सिस्टरनी त्यांची चिंधी सोडून पाय पाहिला आणि त्यांनाही गाडीत घातलं. घोटी ते नाशिक आम्ही दोघं समोरासमोर. वाटेत रसवंतीचे घुंगरू वाजले आणि मी सवयीने म्हटलं, "काका, थांबा ना." काकांनी आरशातून असं पाहिलं की मी पाण्याची बाटली उघडली.

पुंजाबाबा म्हणाले, "मरत नाय गं तू. एवढी वरडनारी माणसं मरत नसत्यात."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आईला बातमी मी सांगण्याआधीच कळली होती. घोटीच्या मावशीचा फोन : "अगं, तुझ्या पोरीनं कर्ण्यावर सांगितलं."

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या आणि समजावलं. माझ्या शरीराने इन्सुलिन बनवणं जवळजवळ बंद केलंय. साखर रक्तात हिंडतेय, लघवीवाटे बाहेर पडतेय (मुंग्या त्यालाच!), पण पेशींच्या दाराची किल्ली हरवलीये. म्हणून खा खा सुटते आणि माणूस वाळत जातं. मी विचारलं, "तिळाचे अकरा लाडू?" म्हणाल्या, "त्यांनी होत नाही हा. हा प्रकार लहान मुलांनाही होतो, तो वय विचारत नाही." पुंजाबाबांचा प्रकार वेगळा. तो वर्षानुवर्षं काही जाणवू न देता आत बसून असतो, डोळे, मूत्रपिंड, पायाच्या नसा खात. म्हणून तिशीनंतर, काहीही होत नसताना, ठणठणीत वाटत असतानाच तपासायचं. आणि माझ्यासारखी लक्षणं दिसली तर वय न बघता त्याच दिवशी.

"आणखी चार दिवस गेले असते तर तुला उचलून आणावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. हसून म्हणाल्या, पण आई बाहेर गेली.

इन्सुलिन दिवसाला चार वेळा. रोज. जन्मभर. जन्मभराचे किती होतात ते मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. त्याच त्याच वेळी तेच तेच. मला! जिला रोज एका वाटेने घरी जायचाही कंटाळा येतो. आज विनोद सुचत नाहीये.

संध्याकाळी आई शेजारी बसून हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नकोस हं. लग्नाचं बघायचंय अजून."

"आई, कर्णा होता. रेल्वेच्या पलीकडे गेलंय ते."

आई आधी रडली, मग हसायला लागली, मग दोन्ही. बाबा दारात उभे होते. म्हणाले, "मुंग्यांचा कप माझा नव्हता." मग तर परिचारिका आली बघायला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

घरी. सॅक दाराआड तशीच. तिच्याकडे पाठ करून बसते.

सुला सिस्टर आल्या. मी म्हटलं, "माझं फिरणं संपलं. इन्सुलिनला फ्रिज लागतो. मी आता फ्रिजला बांधलेली गाय."

"कोण म्हणालं? सुरगाण्याकडच्या पाड्यांवर वीज टिकत नाही, माझे पेशंट काय करतात?" त्यांनी सांगितलं : इन्सुलिन डबीत, डबी छोट्या मडक्यात, मडकं ओल्या वाळूत, वर ओलं फडकं. गार राहतं.

मी उठून बसले. "म्हणजे हे मडक्यातून हिंडतं?"

"हिंडतं. वेळा पाळल्या तर."

"आणि अरुणाचलला तर थंडीच असते! तिथे मडकंही नको!"

"तिथे गोठवू नकोस म्हणजे झालं. गोठलं की वाया गेलं." आणि दारातून, "आधी तीन महिने नीट कर. मेमध्ये सरासरीची तपासणी. आत्ता तुझी बारा पॉइंट चार आहे. धनराजशेठला मागे टाकलंस."

१० मार्च, सोमवार

परत गाडीवर! सिस्टर म्हणाल्या, स्केचपेन बंद. पण मला जेवणाआधी तपासायचंच असतं ना, माझ्या स्वतःच्या पट्टीने? मग ते मी माईकसमोरच करते. खरी सुई, खरं रक्त, खरा आकडा. आज एकशे शहाण्णव. "जास्त आहे!" मी ओरडले, "कारण सकाळी पोहे दोनदा घेतले!" लोक खदाखदा हसले आणि बोटं पुढे आली. स्केचपेनला एवढी कधी आली नव्हती.

३१ मार्च, सोमवार

आज पळायचं होतं. नाही पळाले. विक्रम मोडायलाच आलाय, शिवाय दुपारी पिंपळगावला कॅम्प होता. सॅक उघडून फक्त मोजे काढून घेतले.

१९ एप्रिल, शनिवार

भर उन्हात, भाषणाच्या मधोमध, हातपाय थरथरले, घाम फुटला, शब्द आठवेना. सिस्टरनी तोंडात साखर कोंबली. शुगर अठ्ठावन्न! इन्सुलिनची सुई घेतली आणि जेवायचं विसरले, कारण एक माणूस माकड घेऊन आला होता. आता खिशात कायम साखरेची पुडी. शुगर असलेल्या माणसाने साखर घेऊन हिंडायचं! हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी पैज लावून हरले असते.

माकडाचं नाव राजेश होतं.

२० मे, मंगळवार

सरासरीचा आकडा : सात पॉइंट सहा.

परत लिहिते. बारा पॉइंट चारवरून सात पॉइंट सहा! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडं खाली आणू, पण शाब्बास. तीन महिने, एकही दिवस न सोडता. मामाला फोन केला. तो म्हणाला, "कोण बोलतंय?"

दुपारी घोटी, तीच गिरणी, फेरतपासणी. पुंजाबाबा पोत्यावर बसलेले. पायात नवी कोरी चप्पल, दोन्ही पायांत. अंगठ्यावर नखाएवढा पांढरा व्रण. "डॉक्टर म्हनला, महिना गेला असता तर अंगठा न्यावा लागला असता," त्यांनी सगळ्यांना ऐकवलं. मग मला, "चारशेवाली आली का? दाव."

"बाबा, आज तुम्ही आधी."

"नाय. रीत हाय. आधी तू."

सिस्टर म्हणाल्या, "चला दोघं, इन्सुलिनची वेळ होतेय हिची." मी माझी पट्टी लावली, टोचलं. मशीन मोजत असताना पुंजाबाबांनी माझं बोट धरलं, धोतराच्या सोग्यावर पुसलं आणि उन्हात धरून बघितलं.

"हां," म्हणाले. "रगात हाय."

आणि स्वतःचं बोट पुढे केलं. त्यांच्यामागे रांग गिरणीच्या फाटकाबाहेर गेली होती, त्यात घोटीची मावशीसुद्धा, पदर डोक्यावर ओढून, ओळख न दाखवता. मी माईक तोंडाशी घेतला. माझा आकडा चमकला. तो मी रेल्वेच्या पलीकडे पोचेल असा वाचला.

रात्री सॅक भरली. २ जूनची अरुणाचलकडची गाडी आहे, या वेळी आईला सांगून. मडकं मोज्यांमध्ये गुंडाळून नीट बसलं. स्केचपेन आरोहीला परत केलं. ती म्हणाली, यात शाईच उरली नाही.